चाळिशीत धंदा सुरू करताय? मग जरा पाळीबद्दलही बोलू



या आठवड्याचा व्हिडिओ टाकला आणि दोन-तीन जणांनी लगेच विचारलं, "मॅडम, तुमचं चॅनल धंद्याचं ना? मग हे पाळीबिळीचं मध्येच काय काढलं?" प्रश्न बरोबर आहे. बारा मिनिटांत जे सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहिते. आणि दादांनो, तुम्ही इथूनच मागे फिरू नका. तुमच्यातले कितीतरी जण बायकोच्या नाहीतर आईच्या नावावर उद्यम रजिस्ट्रेशन करून बसलेत, हे मला चांगलं माहितीये.

आधी माझी चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बॅचला एक ताई होत्या. वय ४५. कांदा-लसूण मसाला आणि चटण्या. हाताला चव अशी, की नुसत्या वासाने गिऱ्हाईक थांबावं. पॅकिंग शिकल्या, कॉस्टिंग शिकल्या, तीन किराणा दुकानांत माल ठेवला. आणि ऐन एप्रिलमध्ये, म्हणजे घरोघरी वर्षाचा मसाला करायच्या सीझनमध्ये, त्यांनी ऑर्डर घेणं बंद केलं. फोन उचलेनात. त्याआधी एकदा अर्ध्या किलोच्या पाकिटांवर पाव किलोचं लेबल लावून माल दुकानात गेला होता. मी ग्रुपच्या कॉलवर, सगळ्यांसमोर म्हटलं, "ताई, टॅलेंट असून काय उपयोग? शिस्त नसेल तर धंदा दोन महिन्यांत बसतो." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडला.

आठ महिन्यांनी त्या माझ्या दुकानात अस्तर घ्यायला आल्या. (नवीन लोकांसाठी सांगते, कराडला माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊज पीस, अस्तर, फॉल-पिको.) दुपारची वेळ, गर्दी नव्हती. चहा मागवला आणि मग हळूहळू कळलं. पाळी कधी अठराव्या दिवशी यायची, कधी दोन महिन्यांनी. आली की दहा-दहा दिवस थांबायची नाही. हिमोग्लोबिन सातवर आलेलं. रात्री दोनला घामाने भिजून जाग यायची, ती पहाटेपर्यंत झोप नाही. आणि दिवसा मिरच्या भाजायला कढईसमोर उभं राहायचं! घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगायचा प्रश्नच नव्हता, मी शिस्तीवर लेक्चर देत होते ना. उठताना म्हणाल्या, "मॅडम, मला वाटलं मला धंदाच झेपत नाही."

त्या माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, तरी मॅडम म्हणतात. त्या दिवशी ते 'मॅडम' फार लागलं मला.

तर माझं मत सरळ आहे. चाळिशीच्या आसपास धंद्यात उतरणाऱ्या बाईने पेरिमेनोपॉज हा आपल्या बिझनेस प्लॅनचा भाग धरला पाहिजे. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी होणार हे आपण धरतो, लग्नसराईच्या आधी पैसा मालात अडकणार हे धरतो. तसंच हेही धरायचं. यात लाज नाही, रडगाणंही नाही, नियोजन आहे.

कारण बघा, आपल्याकडे बाई धंद्यात कधी उतरते? मुलं दहावी-बारावीला जातात, सकाळचा डबा-शाळेचा घाणा जरा सुटतो, बचत गटाचं कर्ज मिळायला लागतं, तेव्हा. म्हणजे ३८ ते ४८. आणि भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे. युरोप-अमेरिकेत ते ५१ च्या आसपास. आता पाळी कायमची जाण्याआधीचा जो बदलाचा काळ असतो, तो म्हणजे पेरिमेनोपॉज. तो सरासरी चार वर्षं चालतो, कुणाचा दोनच वर्षांत आटोपतो, कुणाचा आठ-दहा वर्षं रेंगाळतो. करा वजाबाकी. दुकानाचं उद्घाटन आणि शरीरातला हा बदल बरेचदा एकाच मुहूर्तावर येतात!

शरीरात नक्की काय होतं, ते दुकानाच्या भाषेत सांगते. तुमचा एक सप्लायर आहे. वीस-पंचवीस वर्षं दर महिन्याला ठरलेल्या तारखेला ठरलेला माल पाठवत आला. आता तो हळूहळू धंदा बंद करणार आहे. पण एकदम बंद करत नाही. एका महिन्यात दुप्पट माल पाठवतो, पुढच्या महिन्यात काहीच नाही, मग एकदा अर्धाच. हा सप्लायर म्हणजे अंडाशय, आणि माल म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स. पुष्कळ जणींना वाटतं की या वयात हार्मोन नुसतं कमी कमी होत जातं. तसं नाही. ते वर-खाली होतं, आणि हे वर-खाली होणंच जास्त त्रास देतं.

एखाद्या महिन्यात अंडं तयारच होत नाही. मग प्रोजेस्टेरॉन बनत नाही, गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि पाळी आली की प्रचंड जाते. मेंदूतलं शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र जास्त हळवं होतं, जरा उष्णता वाढली की शरीर लगेच घाम फोडतं. आपल्याकडे बायका म्हणतात ना, "कानशिलं तापली, अंगातून वाफा निघाल्या", तेच हॉट फ्लॅश. एक ते पाच मिनिटं टिकतात. किती वर्षं? अमेरिकेत 'स्वान' नावाचा मोठा अभ्यास वर्षानुवर्षं चालला, त्याच्या २०१५ च्या निष्कर्षात ज्यांना वारंवार हा त्रास होता त्यांच्यात तो साधारण सात वर्षं टिकलेला दिसला. म्हणजे "दोन महिने कळ काढ, जाईल" हा सल्ला चुकीचा आहे. शिवाय झोप मोडते, सांधे धरतात, छातीत धडधडतं, चिडचिड होते, काहींना खरोखरचं नैराश्य येतं. आणि विसरायला होतं.

हे विसरणं धंद्यात सगळ्यात जास्त घाबरवतं, म्हणून थोडं थांबून सांगते. माझ्या दुकानात एक काकू अकरा वर्षांपासून आहेत. साडीचा नुसता पदर बघून कुठल्या फळीवरचा कितवा तागा काढायचा हे त्यांना पाठ. शेड कार्ड आम्ही ठेवायचो, पण ते माझ्यासाठी! ४७ व्या वर्षी त्या अडखळायला लागल्या. बॉटल ग्रीनला मेंदी कलर काढला, दोनदा सुटे पैसे जास्त दिले. एकदा गिऱ्हाइकासमोर त्यांना 'रुबिया' हा शब्दच आठवेना. आत जाऊन रडल्या, आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, "पोरी, मला काढून टाक, माझं डोकं गेलं." डोकं गेलेलं नव्हतं. या काळात शब्द न आठवणं, लक्ष न लागणं हे पुष्कळ जणींना होतं आणि बहुतेकींच्या बाबतीत ते पुढे सुधारतं. हे कुणी सांगितलंच नाही तर बाई काय समजणार? आपण संपलो असंच समजणार. (काकू अजून आहेत. शेड कार्ड आता आम्ही दोघी वापरतो.)

बरं, आता तपासणीचं. मी डॉक्टर नाही, बीबीए झालेली दुकानदार आहे. त्यामुळे औषध कुठलं ते मी सांगणार नाही. पण डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जायचं, काय विचारायचं ते सांगू शकते. माल घ्यायला जाताना आपण यादी नेतो, तसं.

पहिली गोष्ट, तारखा लिहा. पाळी कधी आली, किती दिवस राहिली, दिवसाला किती पॅड लागले, झोप कशी होती. तीन महिन्यांची अशी नोंद डॉक्टरांपुढे ठेवली की दहा मिनिटांत बोलणं मुद्द्यावर येतं. रोजमेळ लिहिता ना? त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा.

दुसरी गोष्ट, सगळं पेरिमेनोपॉजवर ढकलू नका. थकवा, वजन, चिडचिड, पाळीत गडबड ही थायरॉईडचीही लक्षणं आहेत. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बीपी, बी-१२ हे एकदा बघून घ्या. आपल्याकडे ॲनिमिया इतका आहे की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या रक्तात कमतरता निघाली, महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे पेरिमेनोपॉज यायच्या आधीच निम्म्या जणींची टाकी अर्धी रिकामी, त्यात पाळी जास्त जायला लागली की मग काय उरतं? उलट, लक्षणं स्पष्ट असतील आणि वय ४५ च्या पुढे असेल तर महागड्या हार्मोन टेस्टची सहसा गरज नसते. आज काढली तर एक आकडा, पुढच्या आठवड्यात दुसरा. सप्लायरच लहरी आहे म्हटल्यावर एका दिवसाच्या स्टॉकवरून काय कळणार?

तिसरी गोष्ट, काही वेळा थांबायचं नाही. तासाला पॅड बदलावा लागतोय, मोठ्या गाठी जातायत, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चाललीय, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त जातंय, तर लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभरही डाग दिसला तर त्याच आठवड्यात जा. "सीझन संपू दे मग दाखवते" असं अजिबात करायचं नाही. अजून एक, पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहत नाहीत असं नाही. राहू शकतात. त्याबद्दलही डॉक्टरांशी बोला.

आता ते वाक्य, जे आपल्या भागात प्रत्येक बाईने एकदा तरी ऐकलंय: "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." काहींना ऑपरेशन खरंच लागतं, ते नाकारत नाही. पण जास्त रक्तस्राव कमी करायला गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे, इतरही उपाय आहेत. ते विचारले का? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं का? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं ते आठवा. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, आणि त्यांत तरुण बायका किती होत्या! कामाचा खाडा परवडत नाही, पाळीच नको, हा त्यामागचा एक हिशोब. म्हणून सांगते, कामाच्या घाईत शरीराचा सौदा करू नका. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली तर मेनोपॉज हळूहळू येत नाही, एका रात्रीत येतो. ऑपरेशनच्या आधी "अंडाशय ठेवणार की काढणार, आणि का" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हार्मोनच्या उपचाराबद्दलही (एचआरटी म्हणतात त्याला) लोक नुसतं ऐकून घाबरलेत. ती भीती आली मुख्यतः २००२ मध्ये. अमेरिकेतल्या एका खूप मोठ्या चाचणीचा एक भाग धोके दिसल्यामुळे मध्येच थांबवला गेला आणि जगभर बातमी झाली. पण त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं! नंतर त्याच माहितीचा पुन्हा अभ्यास झाला, आणि आज तज्ज्ञ म्हणतात की साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आतल्या निरोगी बाईला त्रास जास्त असेल तर फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल, यकृताचा आजार असेल तर गोष्ट वेगळी. आणि ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत. म्हणजे ना "घ्याच" ना "विषच". विचारा, एवढंच.

आता जरा कडू बोलते, कारण हा भाग सरळ तुमच्या धंद्याशी आहे.

मागच्या दिवाळीनंतर एका ताईंचा फोन आला. "मॅडम, लेडीज वेलनेसचं काम मिळतंय. हार्मोन बॅलन्स पावडर, पाळीचे सगळे त्रास तीन महिन्यांत बंद. ३८ हजारांचं स्टार्टर किट घ्यायचं आणि खाली चार जणी जोडायच्या." मी विचारलं, तुम्ही स्वतः घेतलीत का? म्हणाल्या, "घेते ना, पण मला अजून फरक नाही. चालेल ना, विकता विकता येईल."

नाही चालणार, ताई. का ते सांगते. आज चाळिशीतली बाई हा बाजाराला दिसलेला नवा गिऱ्हाईक आहे. तिला त्रास आहे, तिला कुणी नीट ऐकून घेत नाही, आणि ती शेजारणीवर विश्वास ठेवते. ती शेजारीण तुम्ही आहात. सोयाबीनमधल्या घटकांनी काही जणींचे हॉट फ्लॅश थोडे कमी होतात असं दिसलंय, पण 'थोडे' आणि 'काही जणींचे' हे शब्द डब्यावर कधी छापत नाहीत. काही वनस्पतींच्या अर्कांनी क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि जिचा रक्तस्राव गाठीमुळे किंवा कर्करोगाच्या सुरुवातीमुळे होतोय, ती तुमची पावडर घेत तीन महिने घरी बसली तर? ते तीन महिने तुम्ही परत देणार आहात?

आणि कायदा. फूड सप्लिमेंट म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर "आजार बरा होतो" असा दावा करता येत नाही. अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. औषध म्हणून विकत असाल तर १९५४ चा औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींबद्दलचा कायदा आहे, त्यात पाळीचे विकार बरे करण्याच्या जाहिरातींना नाव घेऊन मनाई केलीय. डब्यावर एफएसएसएआयचा नंबर आहे म्हणजे सरकारने गुण तपासून दिला असा अर्थ होत नाही. आणि व्हॉट्सॲप स्टेटस हीसुद्धा जाहिरातच आहे, बरं का. कंपनी दूर कुठेतरी, स्टेटस तुमचं, नाव तुमचं.

ताईंनी किट घेतलं नाही. त्या पैशात दोन शिलाई मशीन घेतल्या. पण मला माहितीये, हे वाचणाऱ्यांपैकी काहींनी ते घेतलेलं असेल. रागावू नका. उरलेला माल परत होतो का तेवढं आधी बघा.

मग शरीराला आधार द्यायचा कसा? यातलं निम्मं आपल्या स्वयंपाकघरात आणि निम्मं दुकानातच आहे. जेवण झालं की लगेच चहा बंद करा, चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तास-दीड तास जाऊ द्या. उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं. कॅल्शियम रोज साधारण १००० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, तिळात त्याहून कितीतरी जास्त. पण भाकरी आणि ठेचा खाऊन प्रोटीन होत नाही. एका वाटी वरणातून पाच-सहा ग्रॅमच मिळतं आणि साठ किलोच्या बाईला दिवसाला पन्नासेक ग्रॅम हवं. मुलाला दोन अंडी आणि स्वतःला उरलेला रस्सा, हा आपला जुना हिशोब. तो बदला.

हाडांसाठी आणि स्नायूंसाठी वजन उचलणं हवं. पाळी जाण्याच्या आगेमागे हाडं झपाट्याने झिजतात. "दिवसभर उभीच असते की दुकानात, तोच व्यायाम" असं मीही म्हणायचे. उभं राहणं हा व्यायाम नाही, तो फक्त पायांचा त्रास आहे! आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. जिम नको, पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या आणि जिना पुरतो. ज्यांना खोकताना-शिंकताना लघवीचा थेंब येतो त्यांनी लाजू नका, त्यावर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, फिजिओथेरपिस्ट शिकवतात.

आणि आता धंद्याची रचना. गाळा भाड्याने घेताना आपण काय बघतो? डिपॉझिट, रस्ता, पार्किंग, समोर कोण आहे. माझा पहिला प्रश्न आता असतो, टॉयलेट कुठाय? पाणी येतं का, कडी आहे का, चावी कुणाकडे? आपल्या बाजारपेठांत दुकान चालवणाऱ्या बायका टॉयलेट नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. या वयात इस्ट्रोजेन कमी झालं की लघवीचं इन्फेक्शन तसंही पटकन होतं, त्यात लघवी दाबून ठेवायची, पॅड सात-आठ तास बदलायचा नाही. पाचशे रुपये भाडं जास्त पडलं तरी टॉयलेटवाला गाळा घ्या. मी पहिली सहा वर्षं काढली ती शेजारच्या झेरॉक्सवाल्यांच्या घरात जाऊन. ती माऊली कधी नाही म्हणाली नाही, पण दिवसातून किती वेळा जाणार?

काउंटरला उंच स्टूल ठेवा. गिऱ्हाईक आलं की उठलंच पाहिजे हा नियम कुणी केला? टेबल फॅन गिऱ्हाइकाकडे नाही, तुमच्याकडे तोंड करून. ड्रॉवरमध्ये जादा कुर्ता, पॅड, टॉवेल. होलसेल खरेदीला रात्रीच्या बसने सुरतला जाऊन त्याच रात्री परत, हे मी तिशीत केलंय. चाळिशीतल्या बाईने ते करायची गरज नाही. फोटो मागवा, सॅम्पल कटिंग मागवा, ट्रान्सपोर्टने माल मागवा. मार्जिन थोडं कमी होईल, ते किमतीत धरा.

डोक्यात काही ठेवू नका. ऑर्डर वहीत, उधारी वहीत, लेबल लावण्याआधी एक पाकीट काट्यावर. खरं तर ही सवय प्रत्येक धंद्याला हवी, आपण ती बाईच्या स्मरणशक्तीवर टाकून मोकळे होतो. आणि महिन्यातले चार-पाच दिवस निम्म्या वेगाने जाणार असं धरूनच ऑर्डर घ्या. वीस दिवसांचं काम तीस दिवसांत कबूल करा. एक बदली माणूस आधीपासून तयार ठेवा, रोजावर का असेना. त्याची मजुरी कॉस्टिंगमध्ये आजच घाला, ऐनवेळी खिशातून नको. माझ्या बॅचमध्ये कॉस्टिंगच्या तक्त्यात आता ही ओळ असते. पहिल्यांदा फळ्यावर लिहिली तेव्हा वर्गात अशी शांतता पसरली की विचारू नका, आणि मग मागून एक ताई म्हणाल्या, "मॅडम, ही ओळ कुठे होती इतकी वर्षं?"

दादांनो, तुमच्यासाठी थोडकंच. बायको दुकानात असेल तर तिच्या चिडण्याचा अर्थ प्रत्येक वेळी तुमच्याशी लावू नका. डॉक्टरांकडे सोबत जा, बाहेर गाडीवर बसून राहू नका. रात्री तिची झोप मोडली असेल तर सकाळचं शटर तुम्ही उघडा. आणि दुकानात बायका कामाला असतील तर त्यांना बसायला जागा आणि टॉयलेट हे उपकार समजू नका.

मसाल्याच्या त्या ताईंचं काय झालं, ते विचारलंय बऱ्याच जणांनी. मी त्यांची माफी मागितली, ग्रुपच्या कॉलवरच, कारण बोलले होते तिथेच. त्यांच्यावर उपचार झाले, पिशवी काढली नाही, लोहाची इंजेक्शनं घेतली, हिमोग्लोबिन अकराच्या वर आलं. झोप अजून पूर्ण जमलेली नाही. धंदा पुन्हा सुरू केलाय, पण आता भाजणं सकाळी सातच्या आत परड्यात, सोबतीला रोजावर एक बाई, आणि कांडप बाहेरून. ऑर्डर फक्त महिन्याच्या एक ते पंधरा तारखेपर्यंत घेतात. किराणावाला आधी कुरकुरला, मग तोच गिऱ्हाइकांना सांगायला लागला की पंधराच्या आत नाव लिहा.

परवा माझ्यासाठी दोन किलो मसाला पाठवला. मी काट्यावर ठेवून बघितला, लेबल बरोबर होतं. पैसे घेत नव्हत्या. मी पूर्ण भावाने दिले.